शाळा सुटल्यावरचे तीन तास: निधी आणि लोकांचं पाठबळ उभं करताना

शाळेनंतरच्या वर्गांसाठी निधी मागायला बसलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "मुलं किती?" बहुतेक जण इथेच घसरतात. पटावर ६० नावं असतात म्हणून ६० सांगून मोकळे होतात. रोजची सरासरी हजेरी मात्र ४२ असते, आणि परीक्षेच्या आठवड्यात किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी ती २५वर उतरते. तिन्ही आकडे खरेच. पण सहा महिन्यांनी निधी देणाऱ्यांकडून कोणीतरी येतं, हजेरीपट उघडतं, आणि ६०च्या जागी ४२ दिसले की आपली पुढची प्रत्येक गोष्ट त्याला फुगवलेली वाटू लागते.

म्हणून आम्ही तीन आकडे एका दमात सांगतो: पटावर ६०, रोज सरासरी ४२, जागा ४५ची. त्यामागोमाग पट आणि हजेरीतल्या फरकाचं कारण. काही मुलं फक्त सोमवारी आणि बुधवारी येतात, कारण बाकीच्या दिवशी मोठं भावंड घरी असतं. काहींचा खेळाचा सराव असतो. काही महिनाभरापूर्वीच यायची थांबली, पण नाव कोणी काढलेलं नाही. हा शेवटचा गट म्हणजे निव्वळ आपला ढिसाळपणा. सलग पंधरा दिवस न आलेल्या मुलाच्या घरी फोन करायचा, कारण ऐकायचं, आणि नाव ठेवायचं की काढायचं ते त्याच दिवशी ठरवायचं. पट कमी दिसेल या भीतीने नावं तशीच ठेवली जातात आणि प्रतीक्षा यादीतली मुलं बाहेर ताटकळतात.

खर्चाच्या हिशेबात हाच घोळ महागात पडतो. वर्षाला १८० दिवस, रोज ३ तास आणि सरासरी ४२ मुलं धरली तर २२,६८० मूल-तास होतात. पट धरला तर ३२,४००. एकूण खर्चाला या दुसऱ्या आकड्याने भागलं की तासाचा दर ३० टक्क्यांनी स्वस्त दिसतो, आणि स्वस्त दिसण्याचा मोह दांडगा असतो. पण दुसऱ्या वर्षी "तुमच्याच दराने आणखी एक वर्ग चालवून दाखवा" असं कोणी म्हणालं की पळता भुई थोडी होते.

गरज विचारायची कशी

"तुम्हाला असा वर्ग हवा आहे का?" या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. त्या होकाराला काही किंमत नाही, आणि अंदाजपत्रक बघणाऱ्या माणसाला ते चांगलं ठाऊक असतं. त्याऐवजी मागच्या आठवड्याबद्दल विचारायचं: शाळा सुटल्यापासून मोठं माणूस घरी येईपर्यंत मूल कोणत्या वारी, किती वेळ आणि कोणाबरोबर होतं? कागदावर पाच वारांचे पाच चौकोन काढलेले असावेत. पालक चौकोन भरताना स्वतःच थबकतात. "रोज आजी असते" असं म्हणत सुरुवात झालेली असते आणि गुरुवारच्या चौकोनापाशी पेन थांबतं.

एकूण प्रश्न सहाच, कागदाच्या एकाच बाजूला. पाच चौकोनांचा हा पहिला. मग, मुलाला घ्यायला कोण आणि किती वाजेपर्यंत येऊ शकेल. दरमहा किती शुल्क झेपेल. आधी एखादा वर्ग सोडला असेल तर का सोडला. महिन्यातून एक संध्याकाळ वर्गावर मदतीला थांबाल का. आणि आम्ही फोन केला तर चालेल का. शेवटच्या दोन प्रश्नांना "हो" म्हणणाऱ्यांची यादी पुढच्या सगळ्या कामाचं भांडवल आहे. ती वेगळ्या वहीत उतरवून घ्यावी. सर्वेक्षणाच्या गठ्ठ्यात राहिली तर ती पुन्हा सापडत नाही.

कागद मुलांच्या दप्तरातून घरी पाठवले तर बरेचसे दप्तरातच राहतात. जे परत येतात ते सहसा वेळ आणि सवड असलेल्या घरांतून, म्हणजे ज्यांना वर्गाची गरज सगळ्यांत कमी आहे त्यांच्याकडून. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या पालकाकडे त्याच्या वेळेला आणि त्याच्या कामाच्या ठिकाणी जावं लागतं. घरात दुसरी भाषा बोलली जात असेल तर कागद त्या भाषेत हवा आणि विचारणारं माणूसही ती बोलणारं हवं.

याच्या जोडीला फाटकावरची मोजणी. शाळा सुटण्याआधी दहा मिनिटं दोन जण फाटकाशी उभे राहतात. एक मोजतो, दुसरा लिहितो. रकाने चार: एकटं, भावंडासोबत, मोठ्या माणसासोबत, वाहनाने. सोमवार ते शुक्रवार, पाचही दिवस. एकाच दिवशी मोजलं तर नेमका तो दिवस स्नेहसंमेलनाच्या तालमीचा निघतो. शाळा सुटून ४५ मिनिटं झाल्यावर परत एक फेरी मारायची आणि आवारात, पायऱ्यांवर, फाटकाबाहेर अजून रेंगाळणारी मुलं मोजायची. आमच्या सगळ्या कागदांत सर्वांत जास्त कामाला येतो तो हा आकडा, कारण तो कोणाचं मत नसतो. शंका असणाऱ्याला एवढंच म्हणता येतं, उद्या माझ्याबरोबर फाटकाशी उभे राहा.

अंदाजपत्रकातली भोकं

खर्चाचा निम्म्याहून बराच जास्त हिस्सा माणसांच्या मानधनावर जातो. त्यामुळे आधी माणसं मोजायची आणि वह्या-रंग-चेंडू शेवटी. ४२ मुलांना दोन शिक्षक पुरतील असं वाटतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या शाळेनंतरच्या वर्गांच्या योजनेत एका कर्मचाऱ्यामागे २० पेक्षा जास्त मुलं चालत नाहीत. हे प्रमाण धरलं तर ४२ला तीन माणसं लागतात. दोन जास्तीच्या मुलांसाठी तिसरं माणूस ही उधळपट्टी वाटते खरी, पण एकाला ताप आला आणि दुसरा पडलेल्या मुलाला दवाखान्यात घेऊन गेला की खोलीत कोण आहे ते बघावं.

मानधनाचे तास मोजताना हमखास चूक होते. वर्ग तीन तासांचा असला तरी माणूस चार तास गुंतलेलं असतं. अर्धा तास आधी खोली लावायला आणि उरलेला अर्धा तास उशिरा येणाऱ्या पालकांची वाट बघायला. हा चौथा तास कागदावर धरला नाही तर तो कोणाच्या तरी खिशातून जातो, आणि पहिल्या सत्राअखेरीस तो माणूस काम सोडतो. नव्या माणसाशी मुलं रुळेपर्यंत हजेरी उतरते, हजेरी उतरली की निधीवर प्रश्न येतात. वरवर पैशाचं दुखणं वाटतं. मूळ त्या चौथ्या तासात असतं.

सुटून जाणारे आणखी खर्च: बदली शिक्षक, विमा, खाऊ, स्वच्छतागृहाची दुसऱ्यांदा सफाई, शिपायाचा जादा वेळ, उशिरापर्यंतची वीज, घरी सोडण्याचं वाहन, हिशेबतपासणी. यांतला शिपायाचा जादा वेळ क्षुल्लक समजू नका. किल्ली त्याच्याकडे असते. त्याला न विचारता मुख्याध्यापकांकडून परवानगी आणली तर तिसऱ्या आठवड्यात दिवे वेळेआधी बंद होऊ लागतात, आणि त्याची बाजू ऐकली तर त्याचं काही चुकत नसतं.

फुकट मिळालेल्या गोष्टींचाही हिशेब ठेवावा. पुष्कळ योजना म्हणतात, आमच्या पैशाला तुमचाही वाटा जोडा. कॅलिफोर्नियाच्या त्याच योजनेत स्थानिक वाटा अनुदानाच्या किमान एक तृतीयांश असावा लागतो, रोख किंवा वस्तू-सेवारूपात. मात्र त्या वाट्यातला जास्तीत जास्त २५ टक्केच भाग जागेच्या किमतीपोटी दाखवता येतो. म्हणजे अनुदान १०० असेल तर स्थानिक वाटा ३३ आणि त्यात जागेचे फार तर ८. उरलेल्या २५साठी खाऊ, साहित्य, स्वयंसेवकांचे तास किंवा रोख रक्कम लागते. "शाळेने खोल्या दिल्या, आमचा वाटा झाला" असं धरून चालणारे इथे अडकतात. स्वयंसेवकाचा तास मोजायचा तर आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि सही हवी. वर्षअखेरीला आठवून भरलेलं पान एकाच शाईत आणि एकाच हस्ताक्षरात असतं. तपासनिसाला ते दुरून ओळखू येतं.

मार्कांचं आश्वासन देऊ नये

सगळ्यांत आकर्षक आणि सगळ्यांत धोक्याचं वाक्य म्हणजे "मुलांचे गुण वाढतील." ते महागात कसं पडतं हे अमेरिकेतल्या ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स या, शाळेनंतरच्या वर्गांना पैसे देणाऱ्या केंद्रीय योजनेवरून समजतं. ही योजना १९९४च्या कायद्यातली. पुढे तिच्यावर वर्षाला १०० कोटी डॉलरच्या आसपास खर्च होऊ लागला. २००३मध्ये मॅथेमॅटिका या संस्थेच्या मूल्यमापनाचा पहिला अहवाल आला आणि त्यात अभ्यासातल्या प्रगतीवर सरासरीने फारसा परिणाम दिसला नाही. त्याच अहवालाचा आधार घेऊन सरकारने रक्कम ६० कोटी डॉलरवर आणायचा प्रस्ताव मांडला. २०१७च्या मार्चमध्ये तर योजना पूर्ण बंद करण्याचा प्रस्ताव आला, आणि तेव्हाही कारण गुणवत्तेचा भक्कम पुरावा नसल्याचंच होतं. दोन्ही वेळा संसदेने निधी टिकवला. पण बचाव करणाऱ्यांना आपणच दिलेल्या आश्वासनाशी झगडावं लागलं.

वर्गांचा उपयोग होत नाही असा याचा अर्थ नाही. जोसेफ डुरलॅक आणि रॉजर वाइसबर्ग यांनी २०१०मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पायरीपायरीने शिकवणारे, मुलांना प्रत्यक्ष करायला लावणारे, त्यासाठी ठरावीक वेळ राखणारे आणि नेमकं काय शिकवायचं हे ठरवून चालणारे उपक्रम परिणाम दाखवत होते. हे चारही गुण एकत्र नसलेल्या उपक्रमांत तसा परिणाम दिसत नव्हता. म्हणजे वर्ग कसा चालतो यावर सगळं अवलंबून. आणि तो नीट चालायला लागायलाच वर्ष-दीड वर्ष जातं, तर निधीचा निर्णय त्याआधी होतो.

तेव्हा आश्वासन आपल्या हातात असेल त्याचंच द्यावं. वर्ग १८० पैकी १८० दिवस उघडा राहील. प्रत्येक मूल यादीत नाव असलेल्या मोठ्या माणसाच्याच हाती सोपवलं जाईल. रोज खाऊ मिळेल. गृहपाठाला ४० मिनिटं राखून ठेवलेली असतील. पालकांना संध्याकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत काम करता येईल. यातलं प्रत्येक वाक्य रजिस्टरवरून पडताळता येतं. गुणांत फरक पडला तर तो नंतर सांगावा, आधी कबूल करू नये.

सोपवणुकीचं रजिस्टर त्यासाठी हाताने नीट आखलेलं असावं: मुलाचं नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, नेणाऱ्याचं नाव, सही, आणि शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना. या अरुंद रकान्यात "आई येणार होती, काका आले, आईला फोन केला, चालेल म्हणाली" एवढं बारीक अक्षरात मावतं. आम्ही अधिकाऱ्यांना हेच पान दाखवतो. रंगीत फोटोंच्या माहितीपत्रकाकडे ते एक नजर टाकतात. या पानावर मात्र बोट ठेवून वाचत जातात.

पाठिंबा म्हणजे काय

हजार सह्यांचं निवेदन द्यायला जाताना उत्साह असतो. ते स्वीकारलं जातं, फोटो निघतो, आणि विषय भिजत घोंगड्यासारखा पडून राहतो. सही करणाऱ्याने पुढे काही करायचं नसतं, हे सही घेणाऱ्याला आणि निवेदन स्वीकारणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. सह्या अगदीच निरुपयोगी नाहीत. कुठल्या वस्तीतून किती सह्या आल्या हे लोकप्रतिनिधीला कळतं, म्हणून सही घेताना प्रभाग किंवा पत्ता लिहून घ्यावा. पण आमच्या लेखी पाठिंबा म्हणजे माणूस, काम आणि तारीख.

त्यासाठी साधी वही पुरते. रकाने पाच: नाव, हा माणूस कोणाचं ऐकतो किंवा कोण याचं ऐकतं, तो काय करायला तयार आहे, कधीपर्यंत, आणि त्याला फोन कोणी करायचा. तिसऱ्या रकान्यात "पाठिंबा आहे" असं लिहिलं असेल तर ती ओळ रिकामी समजायची. "१२ तारखेच्या बैठकीत तीन मिनिटं बोलतील", "आपल्या कंपनीच्या लेटरहेडवर पत्र देतील", "दर मंगळवारी बुद्धिबळ शिकवतील" असं काहीतरी हवं. चाळीस अशा ओळी असल्या तर मोहीम उभी राहते. दोनशे रिकाम्या ओळींवर ती उभी राहत नाही.

कोणाकडे जायचं याची यादी पालकांपाशी थांबली तर मागणी स्वार्थाची दिसते. ज्यांची मुलं वर्गात नाहीत अशांचा आवाज अंदाजपत्रकाच्या खोलीत जास्त वजनदार ठरतो. कामगार दुपारनंतर सारखे फोनवर असतात हे सांगणारा कारखानदार किंवा दुकानदार. संध्याकाळच्या गस्तीचा पोलीस अधिकारी. वाचनालयाचा ग्रंथपाल, ज्याच्याकडे ही मुलं नाहीतरी येऊन बसतात. बालरोगतज्ज्ञ. निवृत्त मंडळींचा संघ, कारण त्यांच्याकडे वेळ असतो आणि त्यांच्यातले पुष्कळ जण मतदानाला न चुकता जातात.

विरोध कुठून येतो तेही आधी लिहून काढावं. खासगी शिकवणी घेणाऱ्याला पोटाची भीती असते. त्याला शत्रू ठरवण्यापेक्षा विशिष्ट विषयासाठी मानधनावर बोलावता येतं का ते बघावं. "आमची मुलं मोठी झाली, आता आमच्या कराच्या पैशातून का?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांतच द्यावं. सर्वांत कडवा विरोध मात्र दिवसाच्या शिक्षकांचा असतो आणि त्याचं कारण सहसा तत्त्वाचं नसतं. सकाळी येऊन बघावं तर बाकं सरकलेली, फळ्यावरचं "पुसू नये" पुसलेलं, कपाटातला खडूचा डबा संपलेला. यावर एक उपाय खरोखर चालतो. शिक्षकांना आवडते तशी खोली त्यांच्याकडूनच लावून घ्यायची, तिचा फोटो काढायचा आणि तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. जाताना शेवटचं माणूस फोटोशी खोली ताडून बघतं. खडू, डस्टर आणि कागद वर्गाच्या वेगळ्या पेटीत ठेवायचे आणि पेटीला कुलूप. दोन महिन्यांत शिक्षकखोलीतली कुरकुर कमी होते, आणि मुख्याध्यापक सभेत आपल्या बाजूने बोलायला मोकळे होतात.

पाठिंब्याची पत्रं छापील नमुन्यावरून घेऊ नयेत. सारख्या मजकुराची वीस पत्रं म्हणजे मोजणाऱ्याच्या दृष्टीने एकच. पत्र लिहिणाऱ्याला तीन प्रश्न द्यावेत: तुमचा या वर्गाशी काय संबंध, तुम्ही स्वतः काय पाहिलं, वर्ग बंद झाला तर तुमच्या बाजूला काय बदलेल. आलेल्या उत्तरांची पाच-सहा वाक्यं होतात. शुद्धलेखन सुधारायला जाऊ नये. वाकडंतिकडं पत्र जास्त वाचलं जातं.

बैठकीच्या आधी आणि बैठकीत

अंदाजपत्रकाच्या जाहीर बैठकीत निर्णय होतो हा मोठा गैरसमज. तोवर तक्ते छापून झालेले असतात. बैठकीची तारीख धरून मागे मोजायचं: विभागांकडून मागण्या मागवल्या जातात तो महिना कोणता, त्या एकत्र कोण करतो, मसुदा कधी गोठतो. बऱ्याच ठिकाणी हे काम मंजुरीच्या पाच-सहा महिने आधी सुरू होतं. त्या सुमारास तक्ता भरणाऱ्या कर्मचाऱ्याला भेटून विचारायचं, की ही रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या नोंदीखाली, बसेल आणि गेल्या वर्षी तिथे काय होतं. शीर्षच नसेल तर सगळ्यांची सहानुभूती असूनही पैसे ठेवायला जागा नसते.

लोकप्रतिनिधींना वर्ग दाखवायला बोलवायचं तर ४० मिनिटांची भेट पुरे. नाच-गाणी आणि हारतुरे नकोत. वर्ग नेहमीसारखा चालू असावा. आधी गृहपाठाची खोली, मग खेळ, आणि शेवटी घ्यायला आलेले पालक भेटतील अशी वेळ साधावी. उभ्या उभ्या एका आईशी झालेलं दोन मिनिटांचं बोलणं ते पुढे भाषणांत वापरतात. अमेरिकेत २०००पासून दर ऑक्टोबरात "लाइट्स ऑन आफ्टरस्कूल" नावाने देशभर एकाच दिवशी असे वर्ग लोकांना खुले करतात. मुलांचे फोटो काढायचे तर पालकांची लेखी संमती आधीच फाइलला हवी, आणि ज्याची संमती नाही त्या मुलाला ऐन वेळी बाजूला काढून ओशाळवाणं करू नये. त्या दिवशी बसण्याची रचनाच तशी ठेवावी.

जाहीर बैठकीत प्रत्येकाला सहसा दोन-तीन मिनिटं मिळतात. सहा जण सारखंच बोलले की सभागृह मोबाइल बघू लागतं. चार जण पुरेत आणि प्रत्येकाकडे एकच मुद्दा. एकाकडे फाटकावरची मोजणी, एकाकडे खर्च आणि स्थानिक वाटा, एक मालक किंवा पोलीस अधिकारी, आणि शेवटी पालक. नेमकी मागणी शेवटच्या वक्त्याने आकड्यासह उच्चारायची. "आमच्याकडे लक्ष द्यावं" ही मागणी नव्हे. मुलाला बोलायला उभं करायचं असेल तर त्याने वर्गात काय केलं ते सांगू द्यावं. घरची हलाखी त्याच्या तोंडून वदवून घेणं आम्हाला पटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला काय ऐकावं लागतं याचा विचार मोठ्यांनी करावा.

ठरावाचा मजकूर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९९१मध्ये मुलांसाठीचा वेगळा निधी मंजूर केला. मालमत्तेच्या मूल्यांकनातल्या दर १०० डॉलरमागे पहिल्या वर्षी १.२५ सेंट आणि मग २.५ सेंट राखून ठेवायचे होते. त्यातलं शहाणपण दुसऱ्या कलमात होतं: मुलांच्या सेवांवर शहर आधीपासून जो खर्च करत होतं तो कमी करायचा नाही. हे कलम नसेल तर एका खिशातून नवे पैसे येतात, दुसऱ्यातून जुने काढून घेतले जातात, आणि वर्षअखेरीला वर्ग होते तिथेच. त्या निधीला २००० आणि २०१४मध्ये मतदारांनी पुन्हा मुदत दिली.

याच्या उलट अनुभव कॅलिफोर्निया राज्याच्या पातळीवर. अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी पुढाकार घेतलेला, शाळेनंतरच्या वर्गांना निधी देणारा ४९ क्रमांकाचा प्रस्ताव नोव्हेंबर २००२मध्ये मतदारांनी मंजूर केला. पण राज्याचा ठरावीक प्रकारचा खर्च विशिष्ट पातळीच्या वर गेल्यावरच रक्कम वाढेल अशी अट त्यात होती. ती अट पूर्ण होऊन वर्षाला सुमारे ५५ कोटी डॉलर मिळू लागले ते २००६-०७मध्ये. चार वर्षांत पहिलीतलं मूल पाचवीत गेलं. ठराव मंजूर झाल्यावर पहिला प्रश्न "पैसे कोणत्या तारखेला खात्यात?" हाच विचारावा.

पैसे मिळाल्यावर

मंजुरीचं पत्र म्हणजे रोकड नव्हे. अनेक अनुदानं आधी खर्च करा, मग बिलं द्या, मग परतफेड, अशा पद्धतीने येतात. दोन-तीन महिन्यांच्या मानधनाइतकी रक्कम हाताशी नसेल तर मंजूर निधी असूनही वर्ग बंद ठेवायची पाळी येते. ही गंगाजळी देणग्यांतून उभी करावी आणि तिला हात लावायला दोन सह्या लागाव्यात. एकाच स्रोतावर सगळी भिस्त ठेवणंही जोखमीचं. वर सांगितलेल्या अमेरिकी केंद्रीय योजनेचे १ जुलै २०२५ला मिळायचे पैसे ऐन वेळी रोखले गेले. ते त्याच महिन्यात सुटले, पण उन्हाळी वर्ग तोपर्यंत चालू होते आणि पुढच्या सत्राच्या नेमणुका व्हायच्या होत्या. कोणत्याही एका हाताकडून ४० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, ही आमची स्वतःला घातलेली मर्यादा. पहिल्या वर्षी ती पाळता येत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत यायला हवी.

पालकांच्या शुल्काबद्दल दोन मतं आहेत. आमचं मत, थोडं तरी घ्यावं, पण उत्पन्नानुसार, आणि शून्याची पायरी ठेवून. कोण किती देतं हे दाराशी बसणाऱ्याला कळता कामा नये. पावती सगळ्यांना सारखीच, शून्य रकमेचीही. शुल्क पूर्ण माफ केलं की न कळवता गैरहजर राहणं वाढतं असं दिसतं; जड ठेवलं की नेमकी गरजू मुलं गळतात.

एकरकमी देणगीतून कायमचं मानधन बांधून घेऊ नये. त्यातून कपाटं, खेळाचं साहित्य, प्रशिक्षण घ्यावं. उलट दरसाल येणाऱ्या पैशातून वस्तू घेत बसू नये. सांगायला सोपं आहे, पण मार्चअखेरीला शिल्लक संपवायच्या घाईत हमखास उलटं होतं.

वहीतल्या चाळीस माणसांना वर्षातून तीनदा अर्ध्या पानाचं पत्र जातं. त्यात पट, सरासरी हजेरी, बंद राहिलेले दिवस आणि काय फसलं ते असतं. फसलेलं लिहिल्याने लोक हात आखडता घेतील असं वाटतं, पण "खाऊचा पुरवठादार बदलावा लागला, चार दिवस नुसती बिस्किटं दिली" या ओळीवरच जास्त फोन येतात आणि त्यातला एखादा नवा पुरवठादार सुचवायला असतो. पत्राच्या तळाशी पुढच्या फाटकावरच्या मोजणीचा आठवडा लिहिलेला असतो, आणि मोजायला आणखी एक माणूस हवं आहे, असंही.